‘जॅकेट प्रिफर्ड’ आणि बाबांचे सँडल

प्रिय ताई,

पुढच्या शनिवारी आई-बाबांच्या लग्नाला ३५ वर्षं पूर्ण होतात. दादाने एका फार उंची रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं टेबल बुक केलंय. बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहिलंय : ‘ड्रेस कोड स्मार्ट एलिगंट. पुरुषांसाठी जॅकेट प्रिफर्ड. शॉर्ट्स, स्पोर्ट्सवेअर, चपला-सँडल चालणार नाहीत.’ आमच्यापैकी कुणीच अशा ठिकाणी कधी गेलेलं नाही. बाबा बारा महिने बाहेर सोडलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पट्ट्यांचे सँडल घालतात. त्यांची टाच दुखते, बंद बूट सोसत नाहीत, हे खरं आहे, पण विषय काढला की म्हणतात, “जेवायला चाललोय की मुलाखतीला?” आईने कपाटातली सगळ्यात भारी साडी काढून ठेवलीय आणि ‘जास्त होईल का गं?’ असं रोज विचारते. दादाचं म्हणणं, काही होत नाही. झोप फक्त माझी उडालीय. दारातच अडवलं तर? आत सगळे आमच्याकडे बघायला लागले तर? खरं सांगायचं तर बाबांच्या सँडलची मला लाज वाटते, आणि अशी लाज वाटावी याची त्याहून जास्त.

आणखी एक, मी स्वतःसाठी गुडघ्यापर्यंतचा ड्रेस आणि चार इंची हिल्स घेतल्यात. चालतील ना?

– शनिवारची धास्ती घेतलेली

*

पत्रावरून तू माझ्याहून बरीच लहान वाटतेस, म्हणून सरळ ‘तू’च म्हणते.

आधी तो मेसेज नीट वाचू. त्यात तीन वाक्यं आहेत आणि तिघांचं वजन सारखं नाही. ‘चालणार नाहीत’ हा नियम आहे. तो दारावरचा माणूस पाळून घेऊ शकतो. ‘जॅकेट प्रिफर्ड’ ही त्यांची इच्छा आहे. जॅकेटशिवाय प्रवेशच नसेल तेव्हा ‘जॅकेट रिक्वायर्ड’ असं स्पष्ट लिहितात. राहिलं ‘स्मार्ट एलिगंट’, तर त्याला ठरलेला अर्थच नाही. ‘ब्लॅक टाय’ला आहे : काळं डिनर जॅकेट, बो टाय, बायकांसाठी लांब गाऊन किंवा त्या तोडीचं काही. ‘कॉकटेल’लाही बऱ्यापैकी आहे. ‘स्मार्ट एलिगंट’, ‘एलिगंट कॅज्युअल’, ‘कॅज्युअल शिक’ ही मात्र ज्याने त्याने आपापल्या हौसेने जुळवलेली नावं. त्यांचा मथितार्थ एवढाच, की ऑफिसातल्या महत्त्वाच्या मीटिंगला जाताना घालाल त्याच्यापेक्षा खाली उतरू नका. जमलं तर एक पायरी वर या.

म्हणजे तुमच्या घरात खरा प्रश्न एकच उरतो, सँडलचा. बाकी सगळं सोडवायला सोपं आहे.

रेस्टॉरंटला फोन करा. गंमत बघ, लोक चार रात्री तळमळतील, इंटरनेटवर अनोळखी पाहुण्यांचे फोटो मोठे करून करून त्यांच्या पायातलं काय ते शोधतील, पण दोन मिनिटांचा फोन करणार नाहीत. त्यांना वाटतं, असा प्रश्न विचारला की आपलं अडाणीपण उघडं पडतं. उलट आहे. अशा ठिकाणी बुकिंग घेणाऱ्या माणसाला दिवसातून कितीतरी वेळा हेच विचारलं जातं आणि नेमकं उत्तर देणं हे त्याचं कामच आहे. दुपारचं जेवण उरकल्यावर आणि रात्रीची गर्दी सुरू होण्याआधी, साधारण तीन ते पाचच्या दरम्यान फोन केला तर निवांत बोलतात. काय विचारायचं तेही सांगते : “शनिवारी आमचं चौघांचं टेबल आहे. वडिलांच्या टाचेला त्रास आहे, कडक बूट चालत नाहीत. मऊ तळव्याचे, काळ्या रंगाचे, पुढून बंद असलेले बूट घातले तर चालेल ना? जॅकेटऐवजी पूर्ण बाह्यांचा शर्ट चालेल का?” बहुतेक ठिकाणी दोन्हीला होकार मिळतो, आणि प्रकृतीचं कारण असेल तर बुकिंगवर तशी नोंदही करून ठेवतात. मग दारात समजावत बसायची वेळच येत नाही. फोन दादाने करावा. टेबल त्याच्या नावावर आहे.

बुटांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचं घोडं तिथंच अडलंय. बाबांना ‘बूट’ म्हटलं की लेसचे, कडक तळव्याचे, पायाला चावणारे फॉर्मल बूटच आठवत असणार. त्यांचा नकार त्या बुटांना आहे आणि तो रास्त आहे. पण आता मऊ चामड्याचे, आत गादी असलेले, लेस नसलेले लोफर मिळतात. टाच दुखणाऱ्याला मऊ तळवा आणि किंचित उचललेली टाच सहसा सपाट चपलेपेक्षा सोपी जाते. एक माप मोठं बघा, सॉक्स घालूनच बघा, आणि दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री आवळतो. आज-उद्याच घेतले तर शनिवारपर्यंत रोज तासभर घरात घालून फिरता येईल. सॉक्स गडद आणि पोटरीपर्यंत येणारे हवेत. बसल्यावर पँट वर सरकते आणि आखूड सॉक्सच्या वर उघडी नडगी दिसायला लागते. एवढं सगळं करूनही दुखलंच, तर टेबलाखाली टाच हळूच बाहेर काढून बसता येतं. लांब टेबलक्लॉथची ही सोय वाखाणण्यासारखी आहे.

आता शर्ट. बाबांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट राहू दे कपाटात. पूर्ण बाह्यांचा, एकरंगी किंवा अगदी बारीक रेघांचा, कडक इस्त्रीचा शर्ट, पँटमध्ये खोचलेला, आणि गडद पँट. पट्टा आणि बूट एका रंगाचे. एवढ्यावर ते निम्म्या खोलीपेक्षा नीटनेटके दिसतील, कारण महागड्या ठिकाणी येणारे पुष्कळ लोक महागडं पण चुरगळलेलं घालून येतात. अशा ठिकाणचा प्रकाश मंद असतो. त्यात कापडाचा दर्जा फारसा कळत नाही. इस्त्री आणि माप मात्र लगेच कळतं.

जॅकेटला ते तयार झालेच तर सोन्याहून पिवळं. इथे जॅकेट म्हणजे ब्लेझर, पावसाळी किंवा चेनवालं नव्हे. दादाचं किंवा कुणा नातेवाइकाचं चालेल, फक्त खांदे बघ. कमर आवळून घेता येते, बाह्या आखूड करता येतात, पण खांदा मोठा असला तर दुसऱ्याचा कोट घातलाय हे लांबून कळतं. उभं असताना वरचं बटण लावायचं, खालचं उघडं ठेवायचं, आणि बसताना सगळी सोडायची. नाहीतर पोटावर घड्या पडतात आणि माणूस जेवणभर अवघडून बसतो. टाय नको. त्यांनी मागितलेला नाही आणि बाबा तो घालून सुखाने जेवणार नाहीत.

हे नियम दगडावरची रेघ आहेत असं समजून घाबरलेल्यांसाठी जरा मागचं सांगते. आज डिनर जॅकेट म्हणजे औपचारिकपणाचा कळस. पण ते आलं तेव्हा ती ढिलाई होती. लंडनच्या सॅव्हिल रोवरचे शिंपी हेन्री पूल यांच्या नोंदींप्रमाणे १८६५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने घरगुती जेवणाच्या वेळी घालायला म्हणून मागे शेपटी नसलेला आखूड कोट शिवून घेतला. त्या काळी शेपटीवाल्या कोटाशिवाय रात्रीचं जेवण घेणं म्हणजे जवळजवळ बनियनवर बसण्यासारखं. न्यूयॉर्कच्या ‘ट्वेंटीवन क्लब’ या रेस्टॉरंटने दशकानुदशकं सांभाळलेली रात्रीच्या टायची सक्ती २००९ मध्ये सोडली, पण जॅकेटची ठेवली. लंडनच्या ‘रिट्झ’ हॉटेलने जॅकेट आणि टाय दोन्हींचा आग्रह त्यानंतरही धरला. ही माणसांनी घातलेली बंधनं आहेत. माणसंच ती बदलतात, आणि प्रत्येक दाराचं बंधन वेगळं असतं. म्हणून तर फोन करायचा.

बायकांनाही ही दारं कमी नडलेली नाहीत. १९६६ मध्ये फ्रान्समधले फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँ यांनी बायकांसाठी ‘ल स्मोकिंग’ नावाचा पुरुषी धाटणीचा सूट काढला. अमेरिकेतल्या उच्चभ्रू वर्तुळातल्या, फॅशनसाठी प्रसिद्ध असलेल्या नॅन केम्पनर तो घालून न्यूयॉर्कच्या ‘ला कोत बास्क’ रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेल्या, तर पँट घातलेल्या बाईला प्रवेश नाही म्हणून त्यांना दारात थांबवलं. किस्सा असा सांगतात की त्यांनी तिथल्या तिथे पँट उतरवली आणि लांब जॅकेटलाच आखूड ड्रेस समजून आत गेल्या. नियमाला तेही चाललं! हा किस्सा बाबांना ऐकव. ‘नियम मूर्ख असू शकतात’ हे त्यांचं म्हणणं तू मान्य केलंस की बुटांचा विषय काढणं सोपं जाईल.

आईला सांग, साडी बिनधास्त नेस. पारंपरिक पोशाख हा कुठल्याही औपचारिक प्रसंगी औपचारिकच मानला जातो. ब्लॅक टायच्या आमंत्रणांमध्येही तो चालतो. आणि ‘जास्त होईल का’ याचं उत्तर असं, की उत्सवमूर्ती तीच आहे. त्या टेबलावर कुणी जास्त सजलेलं दिसायचा हक्क असेल तर तो तिचा. फक्त जेवणाच्या बाजूने दोन गोष्टी बघायला सांग. एक, पदर खांद्यावर नीट पिन केलेला असावा, कारण अशा ठिकाणी समोर एकाच वेळी तीन-चार ग्लास असतात, ते उंच आणि नाजूक असतात, आणि सुटा पदर नेमका त्यांच्यातून जातो. दोन, हातभर बांगड्या काचेच्या भांड्यांवर सारख्या किणकिणतात. एकेक कडं पुरे. त्याऐवजी कानात काहीतरी छान घालू दे. टेबलाशी बसलेल्या माणसाचं दर्शन छातीपासून वर. सगळी नजर चेहरा, कान, गळा आणि हात यांवर. मंद उजेडात गडद रंग अंधारात मिसळून जातात, तेव्हा चेहऱ्याजवळ जरा चमक असलेली बरी. शिवाय एसी. तिथे तीन तास बसायचंय, वेगवेगळे कोर्स सावकाश येतात, आणि दुसऱ्या तासाला खांदे गारठतात. शाल किंवा स्टोल बरोबर असू दे. तुझ्यासाठीही.

तुझ्याकडे वळू. ड्रेस चालेल. पण तो उभं राहून आरशात बघितलायस ना? आता आरशासमोर खुर्ची ओढ आणि बसून बघ. गुडघ्यापर्यंतचा ड्रेस बसल्यावर चांगला वर सरकतो. पुढे वाकून ग्लास उचलल्याचं सोंग कर. गळा किती खाली येतो ते कळेल. हात लांब करून मधलं काहीतरी घे. बाही सैल असेल तर कुठल्या वाटीत बुडणार तेही दिसेल. कंबर आवळत असेल तर पाचव्या कोर्सला तू जेवण सोडून झिपचा विचार करत बसशील. दुकानातल्या ट्रायल रूममध्ये खुर्ची ठेवत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं.

हिल्स नकोत. चार इंची असल्यामुळे नकोत असं नाही, नव्या आहेत म्हणून. उंची ठिकाणी जमीन एकतर गुळगुळीत दगडाची असते किंवा जाड गालिच्याची, आणि नवी टाच दोन्हीकडे दगा देते. पायांना सवयीचे झालेले, पुढून बंद, दोन इंचांपर्यंतचे बूट घाल. खांद्याला लटकवायची मोठी पर्स घरी ठेव. छोटा क्लच मांडीवर नाहीतर पाठ आणि खुर्चीच्या मध्ये बसतो. काही ठिकाणी पर्ससाठी छोटं स्टूलही आणून देतात. दिलं तर दचकू नकोस, त्यावर ठेव. टेबलावर पर्स, मोबाइल, गाडीची किल्ली यांतलं काहीच नको.

परफ्यूमच्या बाबतीत मी जरा कडक आहे. चवीचा मोठा भाग वासातून येतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते त्यामुळेच. मग ज्या खोलीत प्रत्येक ताटाचा वास जपून तयार केलेला आहे, तिथे अत्तराचा ढग घेऊन शिरणं हा शेजारच्या चार टेबलांवर अन्याय आहे. माझ्या लेखी तो सँडलपेक्षा मोठा गुन्हा आहे, पण कुठल्याच दारावर लिहिलेला नसतो. अगदी थोडं लाव, तेही निघायच्या तासभर आधी, किंवा लावूच नकोस. दादालाही सांग. डिओचा अर्धा डबा रिकामा करणारी जमात बहुतेक भावांची असते.

आता लाज. तुझ्या पत्रातलं तेच एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

बाबांची लाज वाटते म्हणून तू वाईट मुलगी ठरत नाहीस. तुला काय दिसतंय सांगू? कुणी तरी अनोळखी माणूस बाबांच्या पायांकडे बघतोय, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटतंय, आणि ते बाबांच्या लक्षात येतंय. तुला सोसत नाही तो हा तिसरा भाग. तो होऊ नये म्हणून तू आधीच त्यांच्या अंगावर धावून जातेस आणि त्यांना ऐकू येतं ते असं, की आमची मुलगी आम्हाला तिथे नेण्याच्या लायकीचं समजत नाही. मग ते मुलाखतीचा टोमणा मारतात. मी त्यांच्या जागी असते तर मीही मारला असता.

म्हणून हे बोलणं तू करूच नकोस. दादाला करू दे. आणि दादाने ‘बाबा, तिथे कसं दिसतं ते’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, ‘लोक’ हा शब्द तर अजिबात नाही. फक्त म्हणायचं, “बाबा, त्या हॉटेलात सँडल घालून आत घेत नाहीत, त्यांचा नियम आहे. हे मऊ बूट आणलेत, टाचेला कसे वाटतात बघा. नाही जमले तर बदलून आणतो.” नियम त्यांचा, अडचण टाचेची, उपाय दादाचा. बाबांच्या आवडीनिवडीवर कुणी बोटच ठेवलेलं नाही. ३५ वर्षांच्या संसाराचं जेवण मुलगा घालतोय, त्यासाठी तीन तास बूट घालायला बहुतेक बाप तयार होतात. विचारायची पद्धत तेवढी सांभाळावी लागते. जॅकेटचं मात्र एकदाच विचारा. ‘नको’ म्हणाले तर विषय बंद. ती फक्त इच्छा आहे, आणि तीही रेस्टॉरंटची.

आत सगळे बघतील का? आत शिरताना चारदोन डोळे वर होतील. ते सगळ्यांसाठीच होतात. मग ते आपल्या ताटाकडे, आपल्या माणसाकडे आणि, दुर्दैवाने, आपल्या मोबाइलकडे परततात. वाढणाऱ्यांची भीती तर मुळीच बाळगू नकोस. चांगल्या जागेची खरी परीक्षा हीच असते की पहिल्यांदा आलेल्याला ती किती सैल बसू देते. कुठला काटा कधी उचलायचा हे खुशाल विचारा. उत्तर देताना कुणाच्या भुवया वर गेल्याच, तर त्या घरात वाढण्याची रीत नाही एवढंच समजायचं.

इतकं सगळं करूनही दारात अडवलं, असं धरून चालू. दादाने दोन पावलं बाजूला जाऊन एकट्याने बोलायचं, आई-बाबांसमोर हुज्जत नको. फोनवर काय ठरलं होतं ते, आणि शक्य असल्यास फोन घेणाऱ्याचं नाव सांगायचं. जॅकेटवर अडलं तर ‘तुमच्याकडे जॅकेट आहे का’ असं विचारायचं; सक्ती असलेल्या बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना घालायला दोन-चार मापांची जॅकेट्स ठेवलेली असतात. बारच्या बाजूला किंवा बाहेरच्या गच्चीवर नियम सैल असतात, तिथे टेबल मिळतं का तेही विचारावं. आणि बाबांचे सँडल गाडीत असू देत. जेवून बाहेर आल्याबरोबर त्यांना ते लागतील.

तुम्ही गडद कपडे घातले असतील आणि मांडीवरचा रुमाल पांढरा असेल, तर काळा रुमाल आहे का विचारा. पांढऱ्या रुमालाचे तंतू काळ्या कापडावर चिकटतात, म्हणून बऱ्याच उंची जागी काळे रुमालही ठेवतात. लिपस्टिक लावलीस तर बसण्याआधी टिश्यूवर ओठ टिपून घे. ग्लासाच्या काठावरचा लाल ठसा धुऊनही लवकर जात नाही. आणि काही सांडलंच तर चोळायचं नाही. कोरड्या रुमालाने नुसतं टिपायचं. सुती कपडा असेल तर थोडं गार पाणी लावून पुन्हा टिपायचं, गरम कधीच नाही. आईची साडी रेशमी असेल तर पाणीही लावू नका, त्याचाच डाग राहतो. नुसती टिपून घ्या आणि सोमवारी ड्रायक्लीनिंगला द्या.